भट्टीवर जायच्या आधी

(वाडीप्रतिनिधींच्या बैठकीत केलेलं भाषण)



प्रत्येक वाडीनं आपला कृती आराखडा करायचा असं ठरलंय. शब्द मोठा आहे, काम साधं. आपल्याला काय पाहिजे, ते कोण करणार, कधी करणार, हे वाडीनं बसून ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. कुणी छापून आणलेला तक्ता भरला म्हणजे आराखडा झाला नाही.

आधी ‘कधी’ ते बघू. ग्रामसभेचे दिवस ठरलेले : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. 26 जानेवारीला आपली माणसं कुठं असतात? मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की निघाली कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर. 1 मेला पण तिथंच. वाडीत राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. म्हणजे चारातल्या दोन सभा आपल्याविना होतात आणि वर म्हणतात, कातकरी सभेला येत नाहीत! म्हणून आपला आराखडा पाऊस लागल्यापासून दिवाळीपर्यंत बसला पाहिजे. 15 ऑगस्टला विषय मांडायचा, 2 ऑक्टोबरपर्यंत कागद पुरे करायचे.

आता जमीन कुणाची? रत्नागिरीत सरकारी जंगल फार थोडं, बहुतेक डोंगर मालकीचा. तेव्हा सगळ्यांनी वनहक्काचा दावा टाकून भागत नाही. तलाठ्याकडून सातबारा काढा. घराखालचा वेगळा, नाचणी-वरी करतो त्या जागेचा वेगळा.

वनजमीन निघाली तर 2006 चा वनहक्क कायदा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलात तर 4 हेक्टरपर्यंत, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. दाव्याचा निकाल होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. ‘आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, इथं हा कायदा नाही’ असं कुणी सांगेल. पेसा इथं नाही हे खरं. वनहक्क कायदा आहे.

मालकीची निघाली तर वाट दुसरी. 1948 च्या कुळकायद्यात कुळाच्या आणि शेतमजुराच्या राहत्या घराला संरक्षण आहे. घराखालची जागा गावठाणात घ्या, म्हणजे गावठाण विस्तार करा, अशी मागणी कलेक्टरकडे करता येते. शेजारच्या रायगडात काही कातकरी वाड्यांनी तीच वाट धरली. बागा आणि बंगले वाढले तशी डोंगराची किंमत वाढली, त्यामुळं याला उशीर परवडायचा नाही.

पुराव्याचं सांगतो. कायद्यात दावेदार सोडून दुसऱ्या जुन्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब पुरावा धरलाय. जुनी विहीर, बांध, मसणवट, देवाची जागा, हेही पुरावे. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती असेल तर उत्तम. पण एकावर थांबू नका, दोन तरी जोडा. आमच्या वाडीत आम्ही दोन दिवस रान फिरलो. म्हाताऱ्या पुढं, शाळेतल्या पोरी वही घेऊन मागं. बापये हद्द सांगत होते. आत कंद कुठं, झरा कुठल्या महिन्यात आटतो, हे बायांनी सांगितलं. वही भरली ती बायांच्या बोलण्यानं. तरी समितीत नावं घालायची वेळ आली की बाई फक्त सहीपुरती! वनहक्क समिती 10 ते 15 जणांची, एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि 2012 च्या सुधारणेनंतर दोन तृतीयांश सभासद अनुसूचित जमातीचे पाहिजेत. तुमच्या गावच्या समितीत आपली किती आहेत ते मोजून या.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलंय. गोंडांचं गाव, 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्याच्या आधी कितीतरी वर्षं ते अभ्यासगटात बसत होते, आणि सगळे हो म्हणाल्याशिवाय निर्णय नाही अशी त्यांची रीत. चांगली रीत आहे. पण आपली नड वेगळी. ज्याच्या जमिनीवर आपलं घर, त्याच्याच बागेत आपली मजुरी. त्याच्यासमोर ग्रामसभेत हात वर कोण करील? म्हणून आधी रात्री वाडीत बसायचं, तिथं एकमत करायचं, मग सभेला जायचं. गावठाणाच्या अर्जावर एकट्याचं नाव नको. सगळ्या घरांच्या सह्या, अंगठे एकदम. एकाला कामावरून काढता येतं, अख्ख्या वाडीला काढलं तर आंबा कोण उतरवणार?

कागद दिला की पोच घ्या. पोच देत नसतील तर कागद टेबलावर ठेवून येऊ नका, स्पीड पोस्टानं पाठवा.

राहिली फाईल. ती घरोघर फिरली की कुडातून पाणी गळून भिजते, नाहीतर भट्टीवर जाते. पत्र्याच्या पेटीत ठेवायची, आणि जे माणूस दिवाळीनंतर वाडीतच राहणार आहे त्याच्याकडं. बाई असली तरी चालेल, वाचता येत नसलं तरी चालेल. पुढच्या बैठकीला येताना त्या माणसाचं नाव आणि घराखालचा सातबारा, एवढं घेऊन या.