सत्तरीतील पूर, दरडी आणि वणवे
(ग्रामस्थ, शिक्षक व तालुका अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वाळपईच्या पर्जन्यमापकावर वर्षाला दीडशे इंच पाऊस पडणे ही सत्तरीत नवलाची गोष्ट नाही. २०२४ साली तर दोनशे इंचांचाही टप्पा ओलांडला गेला. या पावसावरच येथील कुळागरे पोसली जातात, आणि त्याच्याच धास्तीने नदीकाठची घरे आषाढातील कित्येक रात्री जागून काढतात.

येथील पुराचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. म्हादईचा उगम कर्नाटकातील खानापूर तालुक्याच्या रानात आहे. तेथे कोसळलेला पाऊस घाट उतरून सत्तरीत यावयास काही तास पुरतात. त्यामुळे सोनाळ-सावर्ड्यास उघडीप असतानाही नदी चढू शकते. अंगणातील पाऊस थांबला म्हणून निश्चिंत होणे हा येथे मोठाच धोका ठरतो.

जुलै २०२१ मध्ये याचा प्रत्यय आला. २३ तारखेच्या त्या पुराचे वर्णन १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर असे केले गेले. राज्यात शेकडो घरांची हानी झाली. पैकुळ येथील रगाडा नदीवरील पूल कोसळला, आणि शेजारच्या सह्याद्रीत, दूधसागर ते सोनावळी या लोहमार्गावर दरड येऊन प्रवासी गाडी रुळांवरून घसरली.

दरड अचानक कोसळल्यासारखी वाटते, परंतु डोंगर बहुधा आधी खुणा देतो. उतारावर भेगा पडतात, झाडे कलतात, स्वच्छ वाहणारा झरा एकाएकी गढूळ होतो. रस्त्यासाठी वा घरासाठी जेथे डोंगराचा पायथा उभा कापला आहे, तेथे या खुणांकडे विशेष लक्ष हवे. पावसाळा सरला म्हणजे भय सरले असेही नाही. काणकोणात डोंगर सुटले आणि पुराने थैमान घातले, तो दिवस २ ऑक्टोबर २००९ हा होता.

वणव्याचा विचार मात्र पावसाळ्यात कोणी करीत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याचे डोंगर पेटले तेव्हा नौदलाच्या व वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना वरून पाणी ओतावे लागले. काजूच्या बागेतील पालापाचोळा पेटवताना ठिणगी रानात जाते, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. गवत-झुडपे जळून उघडा पडलेला उतार पहिल्या जोरदार सरीत माती सोडतो, आणि ती माती अखेर नदीच्याच पात्रात येते.

शासनाचे इशारे वाळपईपर्यंत पोहोचतात. रात्री दोन वाजता शेवटच्या वाड्यावरील शेवटच्या घरी ते कोण पोहोचवणार, हा खरा प्रश्न आहे. कोणत्या घरात अंथरुणास खिळलेला वृद्ध आहे, कोठे बाळंतीण आहे, याची नोंद शिक्षक व पंचसदस्य मिळून ठेवू शकतात. वरच्या अंगाच्या गावातून खालच्या गावास कोणी कळवावयाचे, ते मे महिन्यातील ग्रामसभेतच नावानिशी ठरावे. जेथे भ्रमणध्वनी चालत नाही, तेथे देवळाची घंटा आहे. मात्र ती आरतीची नसून पुराची आहे हे ओळखता यावे, अशी वाजवण्याची रीत गावाने आधी बसवून घेतली पाहिजे, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा रात्रीच्या वेळी ती वाजवून पाहिली पाहिजे.