वाट पाहण्यातील विषमता

(वसई येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



डिसेंबरच्या मध्यावर आपल्या वसई-विरारमधील एखाद्या घरात पहाटे साडेपाचलाच दिवा लागतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि तेथील काही नामांकित विद्यापीठे त्याच सुमारास आपले पहिले निकाल जाहीर करतात. बारावीतील मुलगी संगणकासमोर बसलेली असते, आईवडील मागे उभे असतात. त्याच वेळी खालच्या रस्त्याने तिच्याच वयाची मुले चर्चगेटची गाडी गाठण्यासाठी स्टेशनकडे धावत असतात. विरारपासून साठ किलोमीटरचा हा प्रवास ती रोज करतात, कारण हवे ते महाविद्यालय घराजवळ नाही. त्या मुलीचा किंवा तिच्या आईवडिलांचा मी उपहास करणार नाही. चांगल्या शिक्षणाची इच्छा धरणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न आहे तो दाराचा.

त्या विद्यापीठांना दोन दारे असतात. एक नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज केला तर डिसेंबरात निकाल. जानेवारीत केला तर मार्चअखेर. अनेक ठिकाणी लवकरच्या दाराला एक अट जोडलेली असते: प्रवेश मिळाला तर तो घ्यावयाचा आणि इतर सर्व अर्ज मागे घ्यावयाचे. कोणते विद्यापीठ किती शिष्यवृत्ती देते हे ताडून पाहण्याची सवड ज्याला हवी, त्याला हे वचन परवडत नाही. ज्याला पैशाची चिंता नाही, तो निर्धास्तपणे सही करतो. शिवाय परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना बहुतेक विद्यापीठे त्याची ऐपतही विचारात घेतात.

ही टीका केवळ आपली नाही. लवकरच्या प्रवेशाचा लाभ आधीच सुस्थितीत असलेल्यांना होतो, असे सांगून हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ साली ही पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. इतरांनी ती चालूच ठेवली, आणि २०११ साली या दोघांनीही ती, बंधनाची अट न घालता, पुन्हा सुरू केली. एकट्यादुकट्या संस्थेची सदिच्छा स्पर्धेपुढे टिकत नाही, हा यातील धडा आहे. चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवून दिले की, परीक्षेत सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले अशा विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते.

अमेरिकेशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण लवकरचे दार आपल्या अकरावीलाही आहे. २०२५ साली राज्यभर केंद्रीय ऑनलाइन प्रवेश लागू झाले. २१ मे रोजी, पहिल्याच दिवशी, संकेतस्थळ कोलमडले आणि लाखो घरे ताटकळली. नियमित फेऱ्यांआधी कोट्याच्या जागांसाठी ‘शून्य फेरी’ झाली. संस्थेच्याच शाळेतील मुलांना दहा टक्के, व्यवस्थापनाला पाच टक्के. ज्याची शाळा मोठी किंवा ज्याची ओळख मोठी, त्याची चिंता आधी मिटते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाने मात्र यादीमागून यादी पाहत बसावयाचे.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, त्या बाहेर ठेवलेल्यांना आत घेण्यासाठी. व्यवस्थापनाचा कोटा हे आधीच आत असलेल्यांचे आरक्षण आहे. पहिल्यावर तावातावाने बोलणारी माणसे दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, हे आपण लोकांना सांगितले पाहिजे.

मग करावयाचे काय? व्यवस्थापन कोट्यातील प्रत्येक प्रवेश कोणत्या निकषावर झाला, हे प्रत्येक महाविद्यालयाने फलकावर लावावे, अशी मागणी आपण करू. वसई तालुक्यात सार्वजनिक खर्चाने चालणारी उत्तम महाविद्यालये वाढावीत, हा आपला मुख्य आग्रह राहील; कारण जागा तुटपुंज्या असतील तोवर रांगेतील न्याय हा तुटपुंजाच न्याय असतो. आणि मे-जूनमध्ये आपल्या प्रत्येक वस्तीत अर्ज भरून देण्यासाठी एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक जाणता कार्यकर्ता असलाच पाहिजे. पसंतीक्रम चुकल्यामुळे कोणाचे वर्ष वाया गेले, तर त्याचा काही दोष आपल्याकडेही येईल.

ज्या घरात पहाटे नकार येईल, तेथेही जा. नकार हा त्या मुलीच्या योग्यतेवरील निवाडा नव्हे, हे तिला सांगा. जागा मोजक्या ठेवूनच ज्यांची प्रतिष्ठा वाढते, त्यांना बहुतेकांना नाकारावेच लागते. आपल्याला हवे आहे ते शिक्षण, ज्याची थोरवी किती जणांना परत पाठविले यावर नव्हे, तर किती जणांना घडविले यावर मोजली जाईल.