अग्रलेख : शब्द आणि जबाबदारी
(भिलाई येथील मराठी भाषक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

कॉम्रेड्स,

भिलाईत आपण हिंदी वृत्तपत्रे वाचतो. त्यांतील ‘संपादकीया’ला मराठीत ‘अग्रलेख’ म्हणतात. एक शब्द लेख कोणाचा ते सांगतो, दुसरा त्याचे स्थान आणि कार्य सांगतो. येथील पोलाद कारखान्याच्या उभारणीस आलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांच्या भाषेतही त्यास ‘पेरेदोवाया’, म्हणजे अग्रभागी असणारा लेख, असेच म्हणतात.

अग्रलेखाखाली सही नसते, कारण ते संपूर्ण पत्राचे मत असते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतैक्य उरले नाही, तेव्हा आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला.

परंतु सही नाही म्हणून जबाबदारी नाही, असे नव्हे. १२ मे व ९ जून १९०८ च्या ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांनी संपादक म्हणून जबाबदारी पत्करली व सहा वर्षांची शिक्षा भोगली. शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. हिंदी कामगारवर्ग राजकीय लढ्यास सिद्ध झाल्याची ही खूण लेनिनने त्याच वर्षी ओळखली.

हा धागा छत्तीसगढपर्यंत पोहोचतो. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी भाषक होते. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरास ‘हिंदी केसरी’ सुरू करून टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. १९०८ मध्ये त्यांनाही अटक झाली.

आता ‘ऑप-एड’ हा शब्द ऐकू येतो. त्यातील ‘ऑप’ म्हणजे ‘ओपिनियन’ असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तो ‘ऑपोझिट’चा संक्षेप असून संपादकीय पानासमोरचे पान एवढाच त्याचा अर्थ आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २१ सप्टेंबर १९७० रोजी असे पान सुरू केले, आणि पुढे हा प्रघात जगभर पसरला. तेथे बाहेरचे लेखक स्वतःच्या सहीने लिहितात. भांडवली पत्रांत या पानावर मतांची विविधता दिसते, पण अग्रलेखाचे धोरण अखेर मालकाच्या हितसंबंधांबाहेर जात नाही. समोरच्या पानावरील एखाद्या पुरोगामी लेखाने आपण भुलता कामा नये.

पक्षपत्राचा अग्रलेख हा सामूहिक निर्णयाचा शब्द असतो. म्हणून तो शाखेत वाचावा, त्यावर निर्भीड चर्चा करावी, मतभेद असल्यास योग्य समितीकडे लेखी कळवावेत. जो शब्द आपण कारखान्याच्या दारात कामगारांपुढे नेणार, त्याची जबाबदारी एकट्या संपादकाची नव्हे, आपणा सर्वांची आहे.