पाडलेल्या कारागृहाची नोंद



आज मी एका अशा वास्तूविषयी बोलणार आहे, जी आता उभी नाही.

ती वास्तू म्हणजे लाहोरचे मध्यवर्ती कारागृह. पुणे जिल्ह्यातील खेड गावी 24 ऑगस्ट 1908 रोजी जन्मलेले शिवराम हरी राजगुरू यांची जीवनयात्रा तेथे संपली. लाहोर कटाच्या खटल्यात विशेष न्यायाधिकरणाने 7 ऑक्टोबर 1930 रोजी भगतसिंग, सुखदेव व राजगुरू यांना फाशीची शिक्षा सुनावली. फाशीसाठी 24 मार्च 1931 ची सकाळ ठरली होती. परंतु सरकारने आदल्याच दिवशी, 23 मार्चच्या संध्याकाळी, ती उरकून घेतली. पार्थिव देह नातलगांच्या स्वाधीन न करता सतलजकाठी हुसैनीवालाजवळ नेऊन घाईने दहन केले. राजगुरू तेव्हा अवघ्या 22 वर्षांचे होते.

याच बंदिवासात राजबंद्यांना माणुसकीची वागणूक, चांगले अन्न आणि वाचनासाठी पुस्तके व वृत्तपत्रे मिळावीत म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपोषण केले. जतींद्रनाथ दास यांनी उपोषणाच्या 63 व्या दिवशी, 13 सप्टेंबर 1929 रोजी, लाहोरमध्ये देह ठेवला.

फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले. 1961 मध्ये ते कारागृह पाडून तेथे शादमान ही वसाहत वसविण्यात आली. जेथे फाशीचा तख्ता होता, तेथे आज रहदारीचा चौक आहे. योगायोग असा की, त्याच 1961 साली भारताने 12 गावे देऊन हुसैनीवालाची भूमी परत मिळविली आणि 1968 मध्ये तेथे हुतात्मा स्मारक उभारले. एकीकडे भिंती गेल्या, दुसरीकडे स्मृतीला जागा लाभली.

आम्ही कापडाचे व्यापारी. माल विकला जातो, गठ्ठे रिकामे होतात. परंतु खतावणीतील नोंद पुसली जात नाही. मात्र नोंद आपोआप होत नाही. ती कोणीतरी वेळेवर लिहावी लागते. लाहोरमध्येही काही नागरिक दरवर्षी 23 मार्चला त्या चौकात मेणबत्त्या लावतात, ती नोंदच होय.

पुणे-नाशिक मार्गावरील खेड आज राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. त्या वाटेने जाताना आपण क्षणभर थांबावे, हुतात्म्याचा वाडा मुलांना दाखवावा आणि लाहोरच्या त्या भिंतींची हकीकत सांगावी. वास्तू वाचविणे नेहमीच आपल्या हाती नसते. आठवण वाचविणे असते.