टंचाईच्या काळात सार्वजनिक बाग
(अंबरनाथ येथील एका सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. घरात पगार येत नाही, भाडे थकले आहे, मुलांची फी भरावयाची आहे. अशा दिवसांत एका वकिलाने उभे राहून बागेवर बोलावे, ही चैन वाटणे साहजिक आहे. नगरपालिकेच्या कचेरीतही असेच उत्तर मिळते : पैसा नाही, आधी पाणी, मग गटारे, मग दिवे, आणि उरलेच काही तर बाग. हे उत्तर वरवर पाहता शहाणपणाचे दिसते. ते तसे का नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

बाग लागते कोणाला, हे प्रथम पाहू. ज्याच्या घरापुढे अंगण आहे त्याचे बागेवाचून अडत नाही. माझे बालपण चाळीतल्या एका खोलीत गेले. त्या खोलीत आम्ही सहा माणसे राहत होतो. कायद्याच्या महाविद्यालयात असताना रात्रीचा अभ्यास मी नगरपालिकेच्या एका बागेत, दिव्याखालच्या बाकावर बसून केला. तेथे मला कोणी आडनाव विचारले नाही, की तिकीट मागितले नाही. पुढे खर्चात कपात झाली तेव्हा त्या बागेचा माळी गेला, मग दिवा गेला, आणि अखेरीस फाटकाला कुलूप आले. त्या गावाचे नाव मी घेत नाही, कारण असे गाव एकच नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी वसविले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. २०११ च्या जनगणनेत तेथे ५,०६,०९८ माणसे होती, आणि शहराचा विस्तार सुमारे १३ चौरस किलोमीटर. याचा भागाकार करा. घर, रस्ता, शाळा, कारखाना, स्मशान, सर्व धरून माणशी जेमतेम २६ चौरस मीटर जमीन येते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत नुसती मोकळी जागाच माणशी १० ते १२ चौरस मीटर असावी, असे सांगितले आहे. म्हणजे त्या मापाने शहराची दोन पंचमांश भूमी मोकळी ठेवावी लागेल ! प्रत्यक्षात तेथे अनधिकृत बांधकामे इतकी उभी राहिली, की ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला केवळ उल्हासनगराकरिता वेगळा कायदा करावा लागला. त्याच जनगणनेत अंबरनाथची वस्ती २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. या दोन्ही गावांनी उल्हासनगरच्या उदाहरणावरून वेळीच धडा घ्यावयास हवा. एकदा इमारत उभी राहिली, की तेथे पुन्हा बाग होत नाही.

टंचाई आली, की बागेवरच प्रथम घाला का पडतो ? त्याचे कारण कायद्यातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेची कामे दोन प्रकारांत वाटली आहेत. कलम ६३ मधील कामे करावीच लागतात. कलम ६६ मधील कामे इच्छेवर सोपविली आहेत, आणि सार्वजनिक बागा व क्रीडांगणे या दुसऱ्या यादीत आहेत. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातही कलम ४९ खाली बागेची गणना ऐच्छिक कामांतच होते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे हा विषय नगरपालिकांच्या कार्यक्षेत्रात घातला. परंतु विषय सोपविला म्हणून पैसाही मिळतो, असे नाही. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली, महापालिकांचा स्थानिक संस्था कर २०१७ मध्ये संपला. तेव्हापासून या संस्था घरपट्टी सोडली, तर बहुतांशी राज्याच्या अनुदानाकडे पाहतात. मग राज्याचीच तिजोरी आटली तर काय होते, ते आपण २०२० मध्ये पाहिले. त्या वर्षी ४ मे रोजी राज्याच्या वित्त विभागाने विकासखर्च ३३ टक्क्यांपर्यंत खाली आणला. त्याच वर्षी अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार चालला. खर्चाला कात्री लागली, तेव्हा जाब विचारण्यासाठी सभागृहात आपला प्रतिनिधीच नव्हता.

आपल्या समाजाला या प्रश्नाची आच इतरांपेक्षा अधिक असली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात जो ठराव संमत करून घेतला, त्याचा पाया कोणता होता ? सार्वजनिक पैशांतून बांधलेली व राखलेली पाणवठ्यांची आणि धर्मशाळांची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, हाच. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. परंतु प्रत्यक्ष पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि हक्काचा न्यायालयीन निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ उजाडला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे; राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या, अथवा जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या, अशा जागी जातीवरून कोणासही अडविता येत नाही. आपली बाग ही अशीच जागा होय.

आता कोणी म्हणेल, बाग ठेकेदाराला दिली आणि तिकीट लावले, तर त्यात जातिभेद कोठे आला ? कायद्याच्या भाषेत तो नाही, हे मला मान्य आहे. परंतु दहा रुपयांचे तिकीट कोणाला अडविते, हे सांगण्यास वकील लागत नाही. चार मुलांची आई फाटकाशी उभी राहून हिशेब करते आणि परत फिरते. तिला कोणी जात विचारलेली नाही. तरीही ती बाहेरच राहिली.

याहून मोठा धोका जमिनीचा आहे. विकास आराखड्यात एखादी जागा बागेसाठी राखून ठेवली, की आपण निश्चिंत होतो. पण १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ वाचा. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पाऊल पडले नाही, तर ती जागा बागेच्या बंधनातून मोकळी होते. नुसता ठराव म्हणजे पाऊल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आहे. टंचाई दोन-तीन वर्षांची असते. त्या काळात हातची गेलेली जागा मात्र कायमची जाते. यास्तव अशा काळात बागेचा खर्च पुढे ढकलणे, याला काटकसर म्हणता येत नाही.

मग पैसा आणावा कोठून ? प्रथम, जागा घेण्यास प्रत्येक वेळी रोकड लागतेच असे नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे मालकाला पैशांऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देता येतो. दुसरे, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने नागरी संस्थांना झाडांसाठी कर बसविण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याचा निधी वेगळा राखावयाचा असतो. आपल्या घरपट्टीच्या बिलात तो कर असेल, तर त्याचा हिशेब मागण्याचा आपणांस अधिकार आहे. तिसरे, मंदीत रिकामे हात असतात आणि बागेला हातच लागतात. अमेरिकेत १९३३ च्या महामंदीत सरकारने बेकार तरुणांना झाडे लावण्यास व उद्याने बांधण्यास कामावर घेतले; नऊ वर्षांत सुमारे तीस लाख तरुण त्या कामावर गेले. वर्णावरून भेद करू नये, हे कलम ऑस्कर डी प्रीस्ट या कृष्णवर्णीय प्रतिनिधीने त्या कायद्यात घालविले. तरीही छावण्या पुढे वेगळ्याच राहिल्या. कायद्यावर पहारा लागतो, हा धडा तेथेही तोच. केरळने २०१० मध्ये शहरांतील गरिबांसाठी शंभर दिवसांच्या कामाची योजना काढली आणि तिला अय्यंकाळी यांचे नाव दिले. अस्पृश्यांना सार्वजनिक रस्त्यावरून चालता यावे म्हणून त्रावणकोरात झगडलेला हा पुढारी. महाराष्ट्राची १९७७ ची रोजगार हमी ग्रामीण भागापुरती राहिली. शहरातील मजुराने तिची मागणी का करू नये ?

बंधूंनो आणि भगिनींनो, घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. आपल्या वॉर्डात आराखड्याप्रमाणे बागेसाठी किती जागा राखल्या आहेत आणि त्यांची दहा वर्षे केव्हा भरतात, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि उत्तर सामान्यतः तीस दिवसांत द्यावे लागते. दुसरे, अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी बागेच्या तरतुदीविषयी लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या. पोच नसलेले निवेदन न्यायालयात उपयोगी पडत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

माझ्या अभ्यासाच्या वेळी त्या बाकावर दिवा होता, म्हणून मी आज आपणांपुढे उभा आहे. आपल्या वस्तीतील एखादे मूल आज रात्री पुस्तक घेऊन बाहेर पडेल. त्याला फाटक उघडे मिळावे, एवढेच मागणे आहे.

जय भीम.