चाग्रेसच्या मुखावरचा किल्ला



आपल्यापैकी पुष्कळांनी वसईचा कोट पाहिला असेल, रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्लाही पाहिला असेल. १५९४ साली पोर्तुगीजांनी कोर्लई निजामशाहीकडून घेतली, तेव्हा त्यांचा राजा म्हणजे स्पेनचाच दुसरा फिलिप. १५८० पासून साठ वर्षे ही दोन्ही राज्ये एकाच छत्राखाली होती. त्याच राजाने पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, पनामाच्या किनाऱ्यावरही एक किल्ला आखविला. त्याचे नाव सान लोरेन्सो. आज हकीकत सांगावयाची ती त्याची.

प्रथम जागा ध्यानात घ्या. चाग्रेस नदी कॅरिबियन समुद्राला मिळते तेथे एक उभा कडा आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला जंगल. येथे ना शहर होते ना सुपीक मुलूख. मग राजाने एवढा खर्च कशासाठी करावा? रस्त्यासाठी. पेरूची चांदी जहाजांनी पनामा शहरी येई, तेथून खेचरांच्या पाठीवर संयोगभूमी ओलांडून पोर्टोबेलोला जाई. पावसाळ्यात ती वाट चिखलाने बंद पडली की माल क्रुसेसच्या पेठेपर्यंत खेचरांनी नेत आणि पुढे होड्यांत भरून चाग्रेसमधून समुद्राकडे सोडीत. होड्या वल्हविणारे बहुधा गुलाम करून आणलेले आफ्रिकन असत. इतिहासात त्यांची नावे नाहीत, चांदीचे हिशेब मात्र आहेत. नदीचे तोंड शत्रूच्या हाती गेले की पनामाचे मागचे दार उघडे पडे. ड्रेकच्या स्वाऱ्यांनी स्पेनला हा धडा शिकविला होता. बाप्तिस्ता अंतोनेल्ली या इटालियन इंजिनिअराने जागा हेरली ती त्यासाठी.

दार मोडले ते १६७१ च्या जानेवारीत. आपल्याकडे राज्याभिषेकाला अजून साडेतीन वर्षे अवकाश होता. जमैकाचा हेन्री मॉर्गन पनामा लुटावयास निघाला होता. त्याने जोसेफ ब्रॅडली नावाच्या कप्तानाबरोबर सुमारे चारशे माणसे पुढे पाठविली. ब्रॅडली कड्याच्या वाटेस गेलाच नाही. बाजूला उतरून, जंगल तोडीत, तो जमिनीच्या अंगाने आला. आणि तिकडचा तट दगडाचा नव्हता! लाकडी मेढ्यांच्या दोन रांगा आणि मध्ये ठासलेली माती, असा तो मेढेकोट होता. आतल्या घरांवर झावळ्यांची छपरे.

पहिला हल्ला शिबंदीने परतविला. पुढचे एक्सक्वेमेलिन सांगतो. हा चाच्यांच्या टोळीतला वैद्य. त्याचे पुस्तक १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाले. एका चाच्याच्या अंगात बाण घुसला. त्याने तो उपसला, त्याला कापूस गुंडाळला आणि बंदुकीच्या नळीत घालून परत किल्ल्यावर सोडला. बारात कापूस पेटला, जळता बाण छपरावर पडला, आग दारूपर्यंत पोचली. बखरकाराची गोष्ट बखरीच्याच मापाने मोजावी हे मला मान्य आहे. खुद्द मॉर्गनने या पुस्तकाच्या इंग्रज प्रकाशकांवर बदनामीचा दावा लावून भरपाई मिळविली होती. परंतु बाणाची गोष्ट सोडली तरी पुढचा प्रकार समजण्यासारखा आहे. रात्रभर मेढी जळत राहिल्या आणि त्यांच्या आधाराने उभी असलेली माती ढासळून खंदकात पडली. सकाळी तटाला खिंडारे होती. तरीही शिबंदी हटली नाही. त्याच्याच आकड्यांप्रमाणे ३१४ पैकी जेमतेम तीस जण जिवंत सापडले, त्यांतही बहुतेक जखमी, किल्लेदार पडला. चाच्यांचे शंभरांवर मेले, आणि ब्रॅडलीही जखमांनी गेला. त्याच महिन्यात मॉर्गन नदीने चढून पनामावर गेला, शहर पडले आणि जळाले. परतताना त्याने किल्ला उद्ध्वस्त केला.

यात एक विलक्षण गोष्ट अशी, की इंग्लंड-स्पेनचा तह १६७० च्या जुलैतच माद्रिदला झाला होता. ती तीनशे माणसे तह झालेल्या काळात मारली गेली. मॉर्गनला पकडून लंडनला नेले खरे. पण १६७४ मध्ये राजाने त्याला ‘सर’ केले आणि जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत धाडले! चाचा कोण आणि सरदार कोण, हे बहुधा लूट कोणाच्या बंदरात उतरते यावर ठरत असावे.

किल्ला पुन्हा बांधला. १७४० मध्ये इंग्रज ॲडमिरल व्हर्ननने समुद्रातून तोफा डागून तो घेतला आणि पाडला. पुन्हा उभारला, या खेपेस भक्कम चिरेबंदी. आज अवशेष दिसतात ते मुख्यत्वे या शेवटच्या बांधणीचे. ब्रॅडलीच्या माणसांनी पाहिलेला किल्ला तो नव्हे. आणि हा सर्वांत मजबूत किल्ला उभा राहिला तोवर चांदीने वाट बदलली होती. जहाजे केप हॉर्नला वळसा घालून थेट पेरूला जाऊ लागली. पोर्टोबेलोची जत्रा बंद पडली. राखण्याजोगे उरले नाही, तेव्हा किल्ल्याचा तुरुंग झाला. १८२१ मध्ये स्पेनचा अंमल गेला.

पुढे १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्यासाठी धावणारे हजारो लोक कड्याखालच्या चाग्रेस गावी उतरत. पण १८५५ मध्ये संयोगभूमीवरची आगगाडी पुरी झाली, ती कोलोनहून निघे. गावाचा धंदा बसला. कालव्याच्या काळात ते गावही उठवून दुसरीकडे वसविले.

१९८० मध्ये युनेस्कोने पोर्टोबेलोसह हा किल्ला जागतिक वारशात घेतला, २०१२ मध्ये तो धोक्याच्या यादीत नोंदला गेला. खारी दमट हवा, पाऊस आणि झाडांची मुळे हे त्याचे आताचे शत्रू. काही तोफा अजून तेथे पडून आहेत. पाहावयास येणारा मात्र जंगलातून, जमिनीच्याच बाजूने येतो. ब्रॅडली आला त्याच अंगाने, कोरडा खंदक ओलांडून.