अवघड जागेचं दुखणं



‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. राजकारणावर वापरतो, घरातल्या भांडणावर वापरतो. पण खरोखरच अवघड जागी दुखू लागलं की हसू पळून जातं आणि तोंडही बंद होतं. आज मी त्या दुखण्याविषयीच बोलणार आहे. मी काही डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस. माझा संबंध शब्दांशी, आणि या दुखण्यातला निम्मा घोटाळा शब्दांचाच आहे.

शौचाच्या जागी दुखलं किंवा रक्त पडलं की आपण एकच शब्द उच्चारतो : मूळव्याध. आमच्या मोहल्ल्यात म्हणतात बवासीर. शब्द दोन, घोटाळा एकच. तिथली सगळी दुखणी आपण या एकाच पोत्यात भरतो. वास्तविक मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्या फुगतात. रक्त जातं, पण पुष्कळदा दुखत नाही. भगंदरात आतून बाहेर एक वाट पडते आणि तिच्यातून पू येतो. तिसरं दुखणं म्हणजे चीर. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. आयुर्वेदात तिचं नाव परिकर्तिका, म्हणजे कात्रीनं कापल्यासारखी वेदना. ज्यानं हे नाव ठेवलं, त्यानं रोग्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं असणार.

माझ्या ओळखीचे एक शिंपी आहेत. त्यांची कंबर आणि मांड्या दुखू लागल्या, म्हणून ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. लघवीला वारंवार जावं लागे, कधी ती अडे. म्हणून मुतखड्यासाठी सोनोग्राफी झाली. खडा सापडला नाही. रक्त दिसलं, तेव्हा ‘बिनाऑपरेशन इलाज’ असा फलक लावून बसलेल्या एकाकडे गेले. प्रत्येकाला त्यांनी दुखण्याचा एकेक तुकडा सांगितला. शेवटी एका सर्जन बाईंनी विचारलं, “शौचाच्या वेळी दुखतं का? आणि नंतर किती वेळ दुखत राहतं?” ते म्हणाले, “काच चिरत जावी तसं दुखतं. नंतर दोन तास मशीनवर बसवत नाही.” एवढ्या दोन वाक्यांत बाईंना रोग कळला. तपासून त्यांनी खात्री करून घेतली.

मग कंबर, मांड्या आणि लघवी यांचा संबंध काय? बाईंनी त्यांना समजावलं ते असं. कडक मळानं गुदद्वाराची नाजूक त्वचा फाटते, बहुधा मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर. वेदनेनं आतला स्नायू आवळला जातो. हा स्नायू आपल्या इच्छेनं सैल होत नाही. तो आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि चीर भरून येत नाही. दुखेल या भीतीनं माणूस शौच टाळतो, मळ आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा उसवते. त्या जागेच्या आणि मूत्राशयाच्या नसा कण्याच्या खालच्या टोकाशी शेजारी शेजारी असतात. म्हणून दुखतं एकीकडे आणि जाणवतं भलतीकडे. जुन्या चिरेशेजारी कातडीचा कोंब येतो. त्यालाच लोक मूळव्याधीचा मोड समजतात.

ताजी चीर बहुतेक वेळा काही आठवड्यांत साध्या उपायांनी भरते. भरपूर पाणी, पालेभाज्या, भाकरी, इसबगोल. आणि शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात १० ते १५ मिनिटं बसणं. सहा ते आठ आठवड्यांत ती भरली नाही, तर स्नायू सैल करणारं मलम देतात. त्यांतली काही औषधं हृदयविकारातही वापरली जातात, त्यामुळे नाव वाचून माणूस घाबरतो. नायट्रोग्लिसरीनच्या मलमानं डोकंही दुखतं. तो नवा आजार नव्हे, मलमाचा परिणाम आहे. डॉक्टरांना सांगितलं की ते मलम बदलून देतात. याही उपायानं गुण आला नाही, तर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया असते. शस्त्रक्रियेनंतर काही थोड्या जणांची वायू किंवा मळ रोखण्याची ताकद कमी होते, म्हणून आधी मलम वापरून पाहतात.

उपासाच्या दिवसांत जपायला हवं. रमजानचा रोजा असेल, तर इफ्तारच्या भज्यांआधी फळं आणि सहरीला पुरेसं पाणी. एकादशीला नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू नये. बाळंतपणानंतरही ही चीर पुष्कळ बायकांना होते. त्या सासूला सांगत नाहीत, नवऱ्याला सांगत नाहीत, जेवण मात्र कमी करतात. जेवण कमी झालं की मळ कमी आणि कडक होतो, आणि दुखणं वाढतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येक रक्त चिरेचं नसतं. वजन घटत असेल, ताप येत असेल, जुलाब थांबत नसतील, रक्त काळपट किंवा मळात मिसळलेलं असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर तपासणी टाळू नका. चीर मध्यावर नसून बाजूला असली किंवा एकाहून अधिक असल्या, तर डॉक्टर क्षयाचा, आतड्याच्या दाहाचा किंवा अन्य आजारांचाही शोध घेतात. ‘मूळव्याधच आहे’ असं म्हणत वर्ष काढलं आणि आत कर्करोग असला, तर गेलेलं ते वर्ष परत मिळत नाही.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी मनाशी जुळवून जा : नेमकं कुठे दुखतं, केव्हा दुखतं, नंतर किती वेळ दुखतं आणि रक्ताचा रंग कसा आहे. कंबर, लघवी, खाज, जे जे वाटतं ते एकाच डॉक्टरांना एकाच वेळी सांगा. प्रमाण मराठीत सांगता आलं नाही, तर घरच्या बोलीत सांगा. आणि घरातलं कुणी असं सांगू लागलं, तर हसू नका. तेवढं ऐकून घ्या आणि दवाखान्यात सोबत जा.